नामानंतरचे उभयान्वयी अव्यय : इंग्रजी वाक्यव्यवहार आणि मराठी व्याकरणाची चौकट – एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

इंग्रजीत नामानंतर उभयान्वयी अव्यय आले म्हणजे त्या नामाचे पुढील नामाशी किंवा पुढील वाक्याशी नाते जुळते. मराठीत हेच नाते पुष्कळदा समासाने, 'यांनी', 'यांचे' या सर्वनामरूपांनी, 'असा', 'अशी', 'हा', 'ही' या दर्शकांनी अथवा 'आल्याची', 'येण्याची' अशा कृदन्त रूपांनी व्यक्त होते. महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजी शिकविताना उभयान्वयी अव्ययांच्या याद्या व त्यांचे मराठी प्रतिशब्द दिले जातात. परंतु नाम व अव्यय यांच्यातील अन्वयाची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत शोधनिबंधात या मांडणीची चिकित्सा केली असून, विद्यार्थ्यांच्या तथाकथित चुकांमागे असलेली मराठीची स्वतःची व्यवस्था स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कळीचे शब्द : उभयान्वयी अव्यय, नामवाक्य, सामान्यरूप, द्वंद्व समास, भाषाव्यतिरेक, 'की', 'कारण'.

प्रस्तावना :

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या मध्ये उमरोळी हे गाव आहे. एका बाजूस १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याचे मुख्यालय, तर दुसऱ्या बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत व १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे अणुऊर्जा केंद्र. या पट्ट्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी वारली, मांगेली, वाडवळी अशा बोली बोलल्या जातात. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात व कारखान्यात हिंदी आणि पदवी वर्गात इंग्रजी असा त्यांचा भाषिक प्रवास असतो. यांतील कितीतरी विद्यार्थी त्यांच्या घरातील महाविद्यालयात पोचलेली पहिलीच पिढी असतात. त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी वाक्याखाली तांबडी रेघ ओढली जाते, तेव्हा ती रेघ केवळ एका शब्दाखाली नसते. त्यांच्या आकलनशक्तीविषयीचा एक निर्णयही तीत दडलेला असतो. म्हणूनच ती रेघ कोठे व का ओढली जाते, हा प्रश्न शिक्षकवर्गाने गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

या तांबड्या रेघांचा एक मोठा वाटा नामानंतर येणाऱ्या उभयान्वयी अव्ययाच्या वाट्याला येतो. 'ॲन्ड', 'ऑर', 'ॲज वेल ॲज', 'दॅट', 'व्हेदर', 'बिकॉज' हे शब्द विद्यार्थ्यांना परके नाहीत. त्यांचे अर्थ त्यांना पाठ असतात. तरीही वाक्य बिघडते. अर्थ ठाऊक असूनही वाक्य बिघडत असेल तर दोष शब्दज्ञानात नसून अन्वयज्ञानात आहे, हे उघड आहे.

अभ्यासाची दिशा व मर्यादा :

प्रस्तुत अभ्यासाची पद्धती वर्णनात्मक व तौलनिक आहे. उदाहरणवाक्ये विवेचनाच्या सोयीसाठी रचलेली असून ती कोणा विशिष्ट विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतून घेतलेली नाहीत. प्रमाण मराठी व प्रमाण लिखित इंग्रजी एवढ्यापुरतेच विवेचन मर्यादित आहे.

'उभयान्वयी' ही कोटी कोठून आली ?

मराठी शालेय व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या जातात. नाम, सर्वनाम, विशेषण व क्रियापद या चार विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी या चार अविकारी. ही यादी इतकी अंगवळणी पडली आहे की ती भाषेच्या स्वभावातूनच निघाली असावी असे वाटते. वस्तुतः संस्कृत परंपरेतील वर्गीकरण वेगळे होते. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार प्रकार मानले. 'च', 'वा' यांसारखे शब्द निपातांत मोडत. त्यांच्यासाठी 'जोडणारे शब्द' असे स्वतंत्र दालन नव्हते. पाणिनीय परंपरेत 'च'च्या अर्थाची चर्चा द्वंद्व समासाच्या निमित्ताने येते, आणि टीकाकारांनी त्या अर्थाचे समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग व समाहार असे चार भेद दाखविले. म्हणजे दोन नामांचे एकत्र येणे हा त्या परंपरेत मुख्यतः समासाचा, पर्यायाने नामाचा विषय होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीत जी आधुनिक व्याकरणपरंपरा सुरू झाली, तिच्यावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा प्रभाव होता हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. त्या काळी इंग्रजी शिक्षणात लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. उभयान्वयी अव्यय मुख्यतः वाक्ये जोडते आणि क्वचित केवळ शब्द जोडते, अशी मरेची भूमिका होती. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथाने या विषयाची मराठीच्या अंगाने सर्वांत सविस्तर मांडणी केली. शालेय पुस्तकांत पुढे जी मांडणी रूढ झाली तीत समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक व परिणामबोधक हे प्रधानत्वसूचक प्रकार, तर स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक व संकेतबोधक हे गौणत्वसूचक प्रकार येतात. अरविंद मंगरूळकर यांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' (१९६४) या पुस्तकात आणि पुढे कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी आपल्या लेखनात या पारंपरिक चौकटीविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केले. परंतु वर्गातील अध्यापनावर त्या विचारमंथनाचा परिणाम फारसा झाला नाही.

या इतिहासाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा की, इंग्रजीची चौकट मराठीने घेतली, तिला मराठी नावे दिली आणि पुढे तीच नावे वापरून विद्यार्थ्याला इंग्रजी शिकविले जाऊ लागले. 'कंजंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय' हे समीकरण पाठ करणाऱ्यास दोन्ही भाषांची रचना एकच वाटते. नावे जुळतात, पण व्यवहार जुळत नाही. हे कोणी सांगत नाही.

नाम आणि नाम :

प्रथम दोन नामांमधील उभयान्वयी अव्ययाचा विचार करू. मराठीत शब्दयोगी अव्यय आणि उभयान्वयी अव्यय यांच्यातील सर्वांत स्पष्ट भेद नामाच्या रूपातच दिसतो. 'घोडा' या नामापुढे 'साठी' आले की 'घोड्यासाठी' होते. पुढे 'आणि' आले तर 'घोडा आणि' असेच राहते. शब्दयोगी अव्यय नामाचे सामान्यरूप घडविते. उभयान्वयी अव्यय नामाला स्पर्शही करीत नाही. इंग्रजीत नामाला सामान्यरूप नसल्याने 'फॉर द हॉर्स' आणि 'द हॉर्स ॲन्ड' या दोन्ही ठिकाणी नाम सारखेच दिसते. मराठी भाषक विद्यार्थ्याला आपल्या भाषेत जो भेद कानाने कळतो, तो इंग्रजीत केवळ शब्दक्रमावरून ओळखावा लागतो.

येथून पुढे विभक्तीचा प्रश्न निर्माण होतो. 'मुलगा' आणि 'मुलगी' या दोघांनी मिळून काही केले तर मराठीत तीन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक नामाला प्रत्यय लावणे : 'मुलाने आणि मुलीने'. दुसरा, दोन्ही नामे मूळ रूपात ठेवून पुढे सर्वनाम आणणे : 'मुलगा व मुलगी यांनी'. तिसरा, समास करणे : 'मुलामुलींनी'. या तिसऱ्या रूपात पहिल्या पदालाही सामान्यरूप प्राप्त होते, पण प्रत्यय मात्र एकदाच, शेवटी येतो. समासाच्या पोटात 'आणि' घातला की ही सोय संपते. 'मुला आणि मुलींनी' असे कोणी म्हणत नाही. 'मुलगा आणि मुलीने' हेही मराठी कानाला खटकते. सारांश, मराठीत उभयान्वयी अव्यय मध्ये आले की शेवटचा प्रत्यय मागील नामापर्यंत पोचू शकत नाही.

इंग्रजीत नेमके उलट घडते. 'राम ॲन्ड सीताज हाउस' या रचनेत षष्ठीचे चिन्ह केवळ शेवटच्या नामाला असते, पण ते दोन्ही नामांना व्यापते. घर दोघांचे मिळून एक आहे असा अर्थ होतो. 'रामज ॲन्ड सीताज हाउसेस' म्हटले की प्रत्येकाचे घर वेगळे. मराठीत हाच अर्थभेद 'राम आणि सीता यांचे घर' व 'रामाचे आणि सीतेचे घर' अशा दोन रचनांनी साधता येतो. म्हणजे भेद दोन्ही भाषांना ठाऊक आहे; तो दाखविण्याची साधने मात्र वेगळी आहेत. आपल्या कार्यालयीन पत्रव्यवहारातील 'प्राचार्य, प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांनी' ही रचना मराठीच्या या प्रकृतीतूनच आलेली आहे. अलीकडे वृत्तपत्रांतून 'प्राचार्य आणि शिक्षकांनी' अशी रूपे सर्रास आढळतात. 'प्राचार्य' सारख्या अकारान्त तत्सम नामांत ती खपून जातात. परंतु 'मुलगा आणि शिक्षकांनी' असे लिहून पाहिले की त्यांचा ठिसूळपणा लगेच लक्षात येतो.

क्रियापदाच्या अन्वयातही असाच फरक आहे. 'त्याची वही व चश्मा हरवला' आणि 'त्याचा चश्मा व वही हरवली' ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज आहेत. अप्राणिवाचक नामे जोडली असता क्रियापद बहुधा जवळच्या, म्हणजे शेवटच्या नामाला अनुसरते. इंग्रजीत 'ॲन्ड'ने जोडलेली दोन नामे सामान्यतः अनेकवचनी क्रियापद घेतात; 'ब्रेड ॲन्ड बटर'सारखी एकजीव जोडी हा त्यातील अपवाद. त्यामुळे 'हिज बुक ॲन्ड पेन वॉज लॉस्ट' असे लिहिणारा विद्यार्थी वचनाचा नियम विसरला आहे असेच म्हणता येत नाही. तो आपल्या भाषेतील सन्निध नामाचा नियम पाळत असण्याची शक्यता आहे. हीच सन्निधता इंग्रजीत 'ऑर'च्या बाबतीत नियम म्हणून शिकविली जाते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. 'ॲज वेल ॲज'चे तर आणखी वेगळे. 'प्राचार्य तसेच शिक्षक उपस्थित होते' हे मराठी वाक्य अनेकवचनी आहे. पाठ्यपुस्तकी इंग्रजी मात्र पहिल्या नामाला प्रमाण मानून एकवचनी क्रियापद मागते. 'तसेच' हा प्रतिशब्द देऊन पाठ संपविला तर ही मागणी विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही.

नाम आणि वाक्य :

खरी गुंतागुंत नामानंतर वाक्य येते तेव्हा सुरू होते. 'द न्यूज दॅट ही केम इज फॉल्स' या वाक्यात नाम आधी, 'दॅट' मागाहून आणि त्यानंतर बातमीचा आशय येतो. मराठीत या रचनेचा स्वाभाविक अनुवाद 'तो आला ही बातमी खोटी आहे' असा होतो. आशय आधी, दर्शक मध्ये आणि नाम शेवटी. 'ही बातमी की तो आला खोटी आहे' असे मराठीत चालत नाही. 'की' हवाच असेल तर 'बातमी अशी आहे की तो आला' असे वाक्य करावे लागते, आणि मग 'खोटी आहे' हे विधान वेगळे करावे लागते. म्हणजेच इंग्रजीतील 'दॅट' नामाला चिकटून वाक्याच्या मध्यभागी बसू शकतो, मराठीतील 'की' तसा बसत नाही. त्याला आधी 'असा' किंवा 'अशी'चा आधार आणि पुढे मोकळी जागा लागते. 'ही हॅज कम, धिस न्यूज इज फॉल्स' असे लिहिणारा विद्यार्थी मराठीचा अन्वय जसाच्या तसा इंग्रजीत मांडीत असतो. दुसरीकडे, 'हे तथ्य की' अशी सुरुवात असलेली जी वाक्ये अनुवादित मराठीत दिसू लागली आहेत, ती इंग्रजीचा अन्वय मराठीवर लादतात. चूक दोन्हीकडे सारखीच आहे. पहिलीला गुण कापले जातात, दुसरी छापली जाते.

मराठीजवळ 'की'खेरीज आणखी एक समर्थ साधन आहे, ते कृदन्ताचे. 'परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी' आणि 'परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी' या दोन रचना पाहाव्यात. 'ढकलल्याची' मध्ये घडून गेलेले आहे. 'ढकलण्याची' मध्ये घडावयाचे आहे. नामाचा स्वभावच कृदन्ताची निवड ठरवितो. बातमी, पुरावा, कबुली ही नामे 'ल्याची' वा 'ल्याचा' मागतात. मागणी, इच्छा, शक्यता ही 'ण्याची'. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'द न्यूज दॅट द एक्झाम हॅज बीन पोस्टपोन्ड' आणि दुसऱ्या ठिकाणी 'द डिमांड दॅट द एक्झाम बी पोस्टपोन्ड' असे होते. अव्यय दोन्हीकडे 'दॅट'च. फरक पुढील क्रियापदाच्या रूपात लपलेला. जो भेद मराठी विद्यार्थ्याला आपल्या भाषेत अचूक साधतो, तोच भेद इंग्रजीत त्याच्याकडून हरवतो, कारण पाठात फक्त 'दॅट म्हणजे की' एवढेच सांगितलेले असते. 'ल्याची' आणि 'ण्याची' यांच्यापासून आरंभ केला असता तर हे काम पुष्कळ सोपे झाले असते.

'दॅट'चे आणखी एक दुहेरीपण येथे नोंदविले पाहिजे. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' मध्ये 'दॅट' हे संबंधी सर्वनामाचे काम करते, तर 'द न्यूज दॅट ही केम' मध्ये ते उभयान्वयी अव्यय आहे. इंग्रजीत दोन्ही रचना वरवर सारख्या दिसतात. मराठीत त्या मुळातच वेगळ्या : 'त्याने आणलेली बातमी' अथवा 'जी बातमी त्याने आणली ती', आणि 'तो आल्याची बातमी'. पारंपरिक वाक्यपृथक्करणात पहिल्यास विशेषणवाक्य व दुसऱ्यास नामवाक्य म्हणतात. हे पृथक्करण रटाळ म्हणून अभ्यासक्रमातून मागे पडत गेले. परंतु मराठी अनुवाद हीच त्याची सर्वांत सोपी कसोटी होती, हे विसरले गेले.

प्रश्न, शंका आणि दोन 'की' :

'प्रश्न असा आहे की तो येईल की नाही' या वाक्यात 'की' दोनदा आला आहे. पहिला स्वरूपबोधक, दुसरा विकल्पबोधक. इंग्रजीत 'द क्वेश्चन इज व्हेदर ही विल कम' असे एकच अव्यय पुरते. 'द क्वेश्चन इज दॅट व्हेदर' ही आपल्याकडे वारंवार ऐकू येणारी रचना पहिल्या 'की'ला 'दॅट' आणि दुसऱ्याला 'व्हेदर' देऊन बनते. तिच्यात आळस नाही, उलट हिशेब चोख ठेवण्याची धडपड आहे. 'की' हे अव्यय जुन्या मराठीतही विकल्प व निश्चय या अर्थांनी आढळते. त्याच्या स्वरूपबोधक वापराच्या प्रसारात फारसीचा वाटा असल्याचे मानले जाते. एकाच ध्वनिरूपात एकत्र आलेले हे दोन उपयोग इंग्रजीत वेगळे करावे लागतात, एवढे सांगितले तरी विद्यार्थ्याचा गोंधळ बराच कमी होईल.

'शंका' या नामाची गोष्ट याहून गंभीर आहे. 'व्हॉल्व्ह गळत असल्याची शंका आहे' याचा मराठी अर्थ 'गळत असावा असे वाटते' असा होतो. याचे 'देअर इज अ डाउट दॅट द व्हॉल्व्ह इज लीकिंग' असे शब्दशः इंग्रजी केले, तर भारतीय वाचकाला कदाचित अभिप्रेत अर्थ कळेल. परंतु इंग्रजीच्या रूढ व्यवहारात 'डाउट'चा कल नकाराकडे असल्याने व्हॉल्व्ह गळत आहे हेच अनिश्चित मानावे असा अर्थ निघू शकतो. तेथे 'सस्पिशन दॅट' हवे. तारापूरसारख्या, रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने असलेल्या वसाहतीत पाळी बदलताना नोंदवहीत एक वाक्य लिहिणारा तरुण याच परिसरातील महाविद्यालयाचा पदवीधर असू शकतो. नाम आणि त्यामागून येणारे अव्यय यांची सांगड हा मग केवळ दोन गुणांच्या प्रश्नाचा विषय राहत नाही.

'कारण' : नाम की अव्यय ?

मराठीत 'कारण' हा शब्द एकाच वेळी नामही आहे व उभयान्वयी अव्ययही. 'त्याच्या गैरहजेरीचे कारण कळले नाही' येथे नाम. 'तो आला नाही, कारण तो आजारी होता' येथे अव्यय. 'सबब' या अरबी मूळ असलेल्या शब्दाचेही तसेच : 'सबब सांगू नये' मध्ये नाम, 'सबब अर्ज नामंजूर' मध्ये अव्यय. 'म्हणून' हे तर मूळचे धातुसाधित. यावरून उभयान्वयी ही शब्दाला जन्मतः चिकटलेली जात नसून वाक्यात मिळालेली भूमिका आहे, असे दिसते. 'द रीझन इज बिकॉज' ही रचना मराठी विद्यार्थी करतो तेव्हा ती 'कारण'च्या या दुहेरी स्वभावामुळे झाली असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी अपुरे आहे. हीच रचना मूळ इंग्रजी भाषकही करतात. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात तिला दोष ठरविले, तर १९८९ च्या मेरियम-वेबस्टर प्रयोगकोशाने तिचा दीर्घ लेखी वापर दाखवून तिचे समर्थन केले. जी चूक लंडनमध्ये वादाचा विषय ठरते, ती पालघरमध्ये मातृभाषेचा अडथळा ठरावी, हा न्याय नव्हे.

प्रचलित अध्यापनदृष्टीची चिकित्सा :

रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ च्या ग्रंथानंतर भाषाव्यतिरेकाचा विचार अध्यापनात आला, तो मातृभाषा व लक्ष्यभाषा यांतील फरक पाहून अडचणींचा अंदाज बांधण्यासाठी. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुका या विद्यार्थ्याच्या शिकण्याच्या प्रक्रियेचा पुरावा असतात असे प्रतिपादन केले आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये अंतरभाषेची संकल्पना मांडली. आपल्या वर्गात यांपैकी 'अडथळा' हा शब्द तेवढा उरला. 'पुरावा' मागे पडला. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाच्या वळणावर लिहिली गेलेली मार्गदर्शके अजूनही आठ जातींची यादी देतात. वास्तविक येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच शब्दयोगी व उभयान्वयी यांना वेगळ्या जाती मानण्याविषयी आक्षेप घेतला होता : 'बिफोर' नामाआधी आला की शब्दयोगी आणि वाक्याआधी आला की उभयान्वयी म्हणायचा, हे त्यांना पटले नाही. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या बृहद्व्याकरणात तर 'बिकॉज'सारखे शब्द शब्दयोगींच्या बाजूला गेले आणि 'दॅट', 'व्हेदर' यांचा एक लहान स्वतंत्र गट उरला. इंग्रजी व्याकरणाने आपली घडी मोडून नवी घातली. तिच्यावरून बेतलेली आपली घडी मात्र जशीच्या तशी आहे.

याचा अर्थ जुनी परिभाषा टाकून द्यावी असा नाही. 'भाषांतर पाठमाले'च्या साहाय्याने मराठीतून इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी उत्तम इंग्रजी लिहिले आहे. त्या पद्धतीचे बळ वाक्यांच्या जोड्या समोरासमोर ठेवण्यात होते. आजच्या मार्गदर्शकांनी वाक्ये गाळली आणि शब्दांच्या जोड्या तेवढ्या ठेवल्या. शब्द शब्दासमोर ठेवला तर 'दॅट' म्हणजे 'की' एवढेच दिसते. वाक्य वाक्यासमोर ठेवले तर 'दॅट' म्हणजे कधी 'ही', कधी 'ल्याची', कधी 'ण्याची', कधी 'जी' हे दिसते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. इंग्रजी वर्गात मराठीची एवढी चर्चा केली तर इंग्रजीचा सराव केव्हा होणार, असे विचारले जाईल. आक्षेप रास्त आहे, आणि मिश्र माध्यमाच्या वर्गात तो अधिकच रास्त ठरतो. तेथे सर्वांची घरची भाषा मराठी नसते. परंतु ज्या वर्गात शिक्षक अर्थ सांगण्यासाठी मराठीचा आधार घेतोच, तेथे तो शब्दाऐवजी वाक्याचा घ्यावा एवढीच येथील अपेक्षा आहे. त्यासाठी जादा तासिका लागत नाही.

निष्कर्ष :

१. मराठीत उभयान्वयी अव्यय नामाचे रूप बदलत नाही आणि पुढील प्रत्ययाला मागील नामापर्यंत पोचू देत नाही. इंग्रजीत शेवटच्या नामाचे षष्ठीचिन्ह संपूर्ण जोडीला व्यापू शकते. 'यांनी', 'यांचे' या रचना या मराठी प्रकृतीचे फलित होत.

२. नामानंतरच्या 'दॅट'चे काम मराठीत एकटा 'की' करीत नाही. दर्शक, कृदन्त व संबंधी सर्वनाम मिळून ते काम वाटून घेतात.

३. कोणत्या नामामागून कोणते अव्यय येते हे नामाच्या अर्थावर अवलंबून असते. म्हणून अव्ययांची यादी देण्याऐवजी नामांची यादी देऊन त्यापुढील रचना शिकविणे अधिक फलदायी ठरेल.

४. विद्यार्थ्यांच्या अनेक चुका नियमशून्य नसून दुसऱ्या नियमाच्या पालनातून झालेल्या असतात. तर काही चुका मूळ भाषकांच्याही असतात. दोहोंना 'मातृभाषेचा अडथळा' हे एकच नाव देणे अशास्त्रीय आहे.

उत्तरपत्रिका तपासताना चुकीखाली रेघ ओढणे अपरिहार्य आहे. ती ओढण्यापूर्वी त्या वाक्यामागे कोणते मराठी वाक्य उभे आहे, हे क्षणभर आठवले तर समासात लिहिण्याजोगे काहीतरी सुचते. आणि विद्यार्थ्याला उपयोग होतो तो त्या समासातील टिपणाचाच.